रमाबाईंचा प्रश्न आणि आमचे मुनाजरे

हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्याविषयी ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात नेमका मतभेद कोणता, असे आपल्या समाजातल्या एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाला विचारले तर त्याचे उत्तर बहुधा एखाद्या जाहीर वादसभेतून आलेले असते. अहमद दीदात यांच्या कॅसेटींनी आपल्या एका अख्ख्या पिढीला बायबलातली वचने अध्याय-क्रमांकांसह पाठ करून दिली. समोरच्याला गप्प कसे करायचे, तेही शिकविले. हाच प्रश्न एखाद्या माणसाच्या जिवाला लागतो तेव्हा काय होते, हे मात्र त्या सभांत दिसत नाही. ते पाहायचे असेल तर मराठी मुलखातल्याच एका बाईची पत्रे उघडावी लागतील.

‘द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई’ हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली काढला. सिस्टर जेराल्डीन या जोगिणीने जपून ठेवलेल्या या पत्रांचे संपादन अ. भि. शहा यांनी केले. हमीद दलवाईंचे सहकारी म्हणून शहांचे नाव आपल्या वाचकांना ठाऊक आहे. काहींच्या कपाळाला त्या नावाने आठ्याही पडतील. पडोत बापड्या. मूळ पत्रे इंग्रजीत आहेत, आणि आपल्याकडे ती म्हणावी तशी वाचली गेलेली नाहीत, असे आमचे मत आहे.

हकिकत थोडक्यात अशी. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्यासाठी. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत तडीस गेला नाही. वाँटेजच्या मठात अँग्लिकन जोगिणींकडे त्या राहिल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे या मूळच्या मराठी ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पंडिताच्या लेखनाचा त्यात मोठा वाटा होता. इकडे पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून बाईंची बाजू घेतली. पुणे म्हणत होते, बाई पाद्र्यांच्या नादी लागल्या. आणि त्याच वेळी इंग्लंडातली धर्मगुरू मंडळी म्हणत होती, की बाई आमचे ऐकत नाहीत.

काय ऐकत नव्हत्या? येशू हा देवाने पाठविलेला तारणारा, हे त्यांनी मानले होते. तो स्वतः देव, पित्याच्या बरोबरीचा, हे त्यांच्या गळी उतरत नव्हते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य त्यांना शास्त्रात सापडत नव्हते. चमत्काराने झालेला जन्म आणि देहासह पुनरुत्थान यांबद्दलही त्यांना शंका होत्या. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आथानेशियसच्या नावाने चालणारा एक मतांगीकार आहे. जो त्रैक्यावर विश्वास ठेवणार नाही त्याचा नाश ठरलेला, असे तो स्वच्छ बजावतो. म्हणजे बाईंचा हा प्रश्न वाचनकक्षातली हौस नव्हती. ज्या मंडळीत त्या नुकत्या शिरल्या होत्या, तिच्या उंबऱ्यालाच तो हात घालणारा होता.

जेराल्डीनबाईंच्या पत्रांत जिव्हाळा आहे, हे नाकारता येणार नाही. पण तो थोरल्या घरातल्या सासूचा जिव्हाळा आहे. शंका निघाली की तिला अहंकार म्हणायचे. अंडे घातलेला पदार्थ नाकारला तरी त्यात अहंकार शोधायचा. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असे विचारले की तोही अहंकारच. उलट चेल्टनहॅमच्या शाळेच्या प्रमुख डोरोथिया बील प्रश्नाला प्रश्न म्हणून घेतात, मुद्द्यामागून मुद्दा उलगडतात. रमाबाईंची खरी रंगत बीलबाईंना लिहिलेल्या पत्रांत आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी परक्या भाषेतही शास्त्र्याच्याच रीतीने वाद घालते. आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नीट मांडायचे, मग वचन, मग त्या वचनाचा अर्थ, आणि मग आपली हरकत. इंग्रजी कधी अडखळते, तर्क क्वचितच. आणि मध्येच एक ठिणगी उडते. एका पुरोहितवर्गाचे जोखड कष्टाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, अशा अर्थाचे त्या सुनावतात.

येथे आमच्या वाचकांनी एका नावाकडे लक्ष द्यावे. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे काय, असा विचार १८८४ साली निघाला. मुंबई आणि लाहोर येथल्या बिशपांचा सल्ला घेतला गेला. दोघांनीही विरोध केला. माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने ज्याला हरकत घेतली नाही त्याला तुम्ही इंग्रज हरकत घेता, याचे रमाबाईंना नवल वाटले. यांपैकी लाहोरचे बिशप म्हणजे टॉमस व्हॅल्पी फ्रेंच. तीस वर्षांपूर्वी, १८५४ च्या एप्रिलमध्ये, आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फंडर यांच्यात जो प्रसिद्ध मुनाजरा झाला, त्यात फंडरच्या शेजारी साहाय्यक म्हणून बसले होते ते हेच फ्रेंच. मौलानांच्या बाजूला होते डॉक्टर वजीर खान. आपल्याकडे या मुनाजऱ्याची आठवण अभिमानाने काढली जाते. मौलानांनी पुढे ‘इजहारुल हक’ लिहिले आणि दीदातांच्या हाती तरुणपणी पडले तेही तेच पुस्तक. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ठरलेल्या विषयांत त्रैक्य होते; तिथवर वाद पोचलाच नाही. दोन दिवस बायबलच्या पाठातील फेरफार आणि नस्ख यांतच गेले आणि सभा मोडली.

म्हणजे ज्या फ्रेंचसाहेबांशी आमच्या मौलानांचा तसलीसवर वाद व्हायचा राहून गेला, त्यांच्याच मंडळीत शिरलेल्या एका मराठी बाईने तो घातला. ना सभा, ना पंच, ना टाळ्या. तोही निवारा, पोटगी आणि मुलीचे शिक्षण ज्यांच्या हाती होते, त्यांच्याशी.

हे वाचताना मुसलमान वाचकाच्या मनात काय येते, ते आम्ही जाणतो. बाई तर आमचेच बोलत होत्या! देव एक, ईसा हे त्याचे पाठविलेले. आता उरले काय? एक कलमा तेवढा. आमचे म्हणणे असे की हा मोह टाळावा. मरियमच्या कुमारी अवस्थेत ईसांचा जन्म झाला हे कुरआन शरीफ मानते, त्यावर सूरहच्या सूरह आहे. आणि रमाबाई नेमक्या तिथेच साशंक होत्या. त्या प्रश्नापुरते जेराल्डीनबाई आणि आपण एका बाजूला, रमाबाई दुसऱ्या! क्रुसावरचे मरण रमाबाई मानत होत्या, आपण मानत नाही. त्यांचा एकेश्वरवाद आला तो कलकत्त्याच्या ब्राह्मो मंडळींकडून. त्या परंपरेच्या मुळाशी असलेल्या राममोहन रॉय यांनी पहिला ग्रंथ ‘तुहफतुल मुवह्हिदीन’ फारसीत लिहिला होता हे खरे. पण एवढ्या लांबच्या नात्यावर कोणाला घरात ओढून आणणे बरे नव्हे.

समोरच्याची बाजूही तिच्या बळकट रूपात मांडली पाहिजे. ‘देवाला मुलगा, मग बायको कुठे?’ हा आपल्या चौकातला विनोद म्हणजे उत्तर नव्हे. पुत्र या शब्दाने शारीरिक नाते कोणताही जाणता ख्रिस्ती घेत नाही. त्याचे म्हणणे असे की माणसाच्या दुःखात देव स्वतः उतरला नसेल, दुसऱ्या कोणाला पाठवून मोकळा झाला असेल, तर क्रूस म्हणजे नुसती एका निरपराध्याची फाशी उरते. तौहीदचे म्हणणे याच्या समोर उभे आहे : निर्माता आणि निर्मिती यांतली रेघ एकदा पुसली की बंदगी कोणाची, हा प्रश्न उरतो, आणि दया करण्यासाठी अल्लाहला देह धरावा लागत नाही. कुरआन ईसांना अल्लाहचा कलिमा म्हणते, त्याच्याकडून आलेली रूह म्हणते, आणि तरीही बंदाच म्हणते. दोन्हींत मांडवली करून मधला मार्ग निघेल असे आम्हाला वाटत नाही, आणि तो काढण्याची गरजही दिसत नाही. सीरतकार सांगतात, की हबशाच्या नजाशीसमोर जाफर बिन अबू तालिब यांनी सूरह मरियम वाचली. राजा ख्रिस्ती, आसरा त्याचा. तरी ईसा अल्लाहचे बंदे आहेत हे त्यांनी लपविले नाही, आणि मरियमविषयीचा आदरही उणा होऊ दिला नाही.

पत्रे वाचून जो रमाबाईंना आपल्या पंगतीत बसवू पाहील त्याला पुढचा भाग अडचणीचा जाईल. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, परत येऊन १८८९ मध्ये शारदा सदन काढले आणि १८९१ च्या सुमारास त्यांची श्रद्धा पालटली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी १९०७ सालच्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. ज्याच्या देवत्वाशी त्या झगडल्या त्यालाच शरण गेल्या. याला काही अभ्यासक माघार समजतात, मंडळीतले लोक विजय समजतात. आम्हाला दोन्ही पटत नाही. बिशपांच्या सांगण्यावरून १८८४ मध्ये जे मानले नाही, ते सात वर्षांनी स्वतःच्या अनुभवावरून मानले. निष्कर्ष बदलला, निवाड्याचा हक्क त्यांनी कोणाच्या हाती दिला नाही. आपल्याला तो निष्कर्ष मान्य नाही. पण आपल्या घरातली एखादी मुलगी तर्जुमा समोर ठेवून ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारते, तेव्हा आपण जेराल्डीन होतो की बील, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

‘शास्त्रात कुठे आहे?’ हे विचारणे रमाबाईंनी पुढेही सोडले नाही. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत, स्वतः उतरवायला बसल्या. कित्येक वर्षे ते काम चालले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या बायकाच होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. छापलेला ग्रंथ बाहेर आला १९२४ साली.