‘पर्यायी करिअर’ म्हणजे नेमकं कशाला पर्याय?

व्हेटर्नरीच्या विद्यार्थ्यांसाठी होणारी करिअर मार्गदर्शनाची तीन-चार व्याख्यानं मी आतापर्यंत ऐकली आहेत. मी स्वतः व्हेट नाही. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून पीएच.डी.ला आले. पण नागपुरात जनावरांच्या आजारांवर काम करायचं म्हटलं की सोबतची निम्मी मंडळी बी.व्ही.एस्सी. झालेली असतात, आणि चहाच्या टपरीवर विषयही तोच निघतो. व्याख्यानात एक स्लाईड हमखास असते, ‘पर्यायी करिअर’. त्याखाली यादी: औषध कंपन्या, पशुखाद्य, बँकेत कृषी अधिकारी, सैन्यातली रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, विमा, वन्यजीव, अन्नसुरक्षा. आणि अगदी शेवटी, वेळ संपत आला की, ‘संशोधन’.

यादी चुकीची नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. जागा कुठे आहेत एवढंच ती सांगते, काम काय असतं ते सांगत नाही. शिवाय ‘पर्यायी’ या शब्दात एक गृहीतक दडलेलं आहे. खरं काम म्हणजे दवाखाना, नाहीतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी. बाकीचं सगळं ते जमलं नाही म्हणून. म्हणजे साडेपाच वर्षं शिकलेलं गुंडाळून ठेवायचं आणि नवीन पाटी घ्यायची. बाकी क्षेत्रांचं मला माहीत नाही, पण संशोधनाबाबत हे खरं नाही. त्यासाठी एक पेपर नीट वाचू.

2024च्या सुरुवातीला हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पेंच आणि ताडोबात गिधाडं आणली गेली, हे तुम्ही वाचलं असेल. ती आणावी का लागली? नव्वदच्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं झपाट्याने कमी होत गेली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातली घसरण बीएनएचएसचे विभू प्रकाश यांनी 1999मध्ये मांडली. कारण मात्र कळत नव्हतं. बऱ्याच जणांचा संशय एखाद्या संसर्गावर होता.

उत्तर आलं 2004मध्ये, ‘नेचर’मधल्या एका पेपरमधून. काम पाकिस्तानातलं, आणि पहिलं नाव लिंडसे ओक्स यांचं, जे पेशाने पशुवैद्य होते. या गटाने मेलेली 259 गिधाडं तपासली. सुमारे 85 टक्के पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर होता, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. विषाणू, जिवाणू, कीटकनाशकं, जड धातू असं एकेक तपासून झालं. हाती काही लागलं नाही.

इथे बहुतेक प्रयोगशाळांनी अजून महागडं मशीन मागितलं असतं (आम्हीही मागितलं असतं, खोटं कशाला बोलू). या लोकांनी साधा प्रश्न विचारला: गिधाड खातं काय? मेलेली गुरं. मग त्या गुरांना मरण्याआधी काय टोचलं होतं? ते गुरांचे डॉक्टर आणि औषध दुकानदार यांच्याकडे गेले, कोणती औषधं खपतात ते विचारलं. मूत्रपिंडाला घातक, पोटातून शोषलं जाणारं आणि बाजारात नव्याने आलेलं, या तिन्ही अटींत एकच औषध बसलं: डायक्लोफेनॅक. युरिक ॲसिडचा थर असलेल्या 25 गिधाडांत ते तपासलं, 25 पैकी 25 मध्ये सापडलं. दुसऱ्या कारणाने मेलेल्या 13 पक्ष्यांत एकातही नाही. पुढे औषध दिलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घातलं, तेव्हा तोच आजार उभा राहिला.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी 25 या आकड्यापेक्षा त्या 13 कडे जास्त बघावं. ते 13 नसते तर ‘सगळ्याच गिधाडांच्या अंगात आता हे औषध असतं’ असं कुणीही म्हणू शकलं असतं. पेपरवर आक्षेप घेता येतो: एक देश, एकच जात. पण त्याच वर्षी भारत आणि नेपाळातल्या मृत गिधाडांवरचा अभ्यास आला आणि चित्र तेच निघालं. 2006मध्ये भारताने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं.

आता सांगा, यात दवाखाना कुठे सुटला? शवविच्छेदन करून मूत्रपिंड ओळखणं, गोठ्यात कोणती सुई चालते याची कल्पना असणं, हे सगळं बी.व्ही.एस्सी.मधलंच. आणि काम तिथे थांबलंही नाही. बंदी घातली तरी शेतकऱ्याला लंगडणाऱ्या बैलासाठी काहीतरी हवंच. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे तपासून दाखवावं लागलं. ॲसिक्लोफेनॅकचं गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं हेही दाखवावं लागलं. ते आणि कीटोप्रोफेन 2023मध्ये बंद झाले.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगते. दुधातल्या पेशी मोजून कासदाह ओळखायच्या कामात माझे काही नमुने विचित्र वर जात होते. दोन आठवडे मी अभिकर्मक बदलत बसले. शेजारच्या टेबलावरच्या व्हेट मित्राने वही बघून विचारलं, “ह्या गायी व्याल्या कधी?” वहीत ते लिहिलेलंच नव्हतं. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गायीच्या दुधात पेशी एरवीही जास्त असतात. नमुने परत घ्यावे लागले.

मात्र उलट बाजूही आहे, आणि ती स्लाईडवर कधीच नसते. तोच मित्र प्रयोगाची रचना आणि संख्याशास्त्राच्या बाबतीत आमच्याकडे यायचा. ‘केस’ बरी करायची सवय आणि ‘कंट्रोल’ ठेवायची सवय यात फरक आहे. आजारी जनावर समोर असताना त्याला औषध न देता ठेवणं व्हेटला जिवावर येतं. तीच त्याची शिकवण असते. ही सवय लागायला वेळ जातो, म्हणून एम.व्ही.एस्सी.चा विषय निवडतानाच आकडेमोड शिकायला घ्या.

दुसरं, वय आणि पैसा. बी.व्ही.एस्सी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एम.व्ही.एस्सी. दोन, म्हणजे पीएच.डी. सुरू होईपर्यंत पंचविशी ओलांडते. माझ्या मार्गाने तीन अधिक दोन. सीएसआयआरची कनिष्ठ फेलोशिप 2023पासून महिना 37,000 आहे, वरिष्ठ 42,000. तोपर्यंत बॅचमेटचा दवाखाना चालायला लागलेला असतो आणि घरी त्याची तुलना रोज होते. हे आधी बोलून घ्यावं, फॉर्म भरल्यावर नाही.

नागपुरात निदान हे प्रश्न विचारायला माणसं आहेत. माफसू इथे, गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र इथे, आणि राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022मध्ये इथेच झाली. चांदीपुरा विषाणूला ज्या गावाचं नाव मिळालं तेही आपल्याच जिल्ह्यातलं.

मागच्या व्याख्यानानंतर अंतिम वर्षाच्या एका मुलीने विचारलं, “ताई, रिसर्चला गेले तर हात जाईल का?” हात म्हणजे सर्जरीचा हात. मी माझ्या मित्राला फोन लावून दिला. तो म्हणाला, सर्जरीचा जाईल, चार वर्षांत नक्की जाईल. गाय बघून काय बिघडलंय हे ओळखायचा जाणार नाही, पण त्यासाठी नमुने घ्यायला स्वतः गोठ्यावर जायचं, अटेंडंटला पाठवायचं नाही.