निकालाआधीची शिक्षा

नंदुरबारच्या कोर्टाच्या आवारात सकाळी डोकावले, की बाकड्यावर दोन प्रकारची माणसे हमखास दिसतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून पहिल्या एस.टी.ने आलेले आदिवासी आईबाप आणि मोहल्ल्यातली एखादी बुरख्यातली अम्मी. एकाच बाकड्यावर बसतात, बोलत मात्र नाहीत. दोघांनाही पुढची तारीख मिळते. आम्ही मराठीत लिहिणारे. म्हणून आम्हांला प्रश्न पडतो, हे बाकडे आमच्या साहित्यात कुठे आहे?

मराठीला न्यायालय नवे नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) मध्ये खटला लुटुपुटुचा आहे, लीला बेणारेला होणारी शिक्षा मात्र खरी. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'त (1959) गुन्हा घडण्याआधीच माणसाची जात हजेरीला उभी केली जाते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटात शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर काळोख उरतो. शाहीर नारायण कांबळे आतच असतो. या तिन्ही कलाकृतींनी एक गोष्ट ओळखली आहे: आपल्याकडे शिक्षेची सुरुवात निकालापासून होत नाही.

1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्ही दंगलींवर लिहिले, तलाकवर लिहिले, गरिबीवर आणि ओळखीच्या प्रश्नावर लिहिले. कच्च्या कैद्याच्या घरावर मात्र फारसे लिहिले नाही. 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातून नऊ वर्षांनी, 2015 मध्ये निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' आम्ही वाचले ते हिंदीत. ती साक्ष आहे आणि साक्ष म्हणून मोलाची आहे. पण मुलाकातीच्या रांगेत उभी राहणारी बायको, मोडलेले लग्न, वकिलाच्या फीसाठी विकलेली शिलाई मशीन, हे सांगणे कथा-कादंबरीचे काम. ते आम्ही केलेले नाही.

त्याच खटल्यात 2015 साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक 2021 मध्येच कैदेत असताना वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला मानू नये, असे सांगितले. सुटलेल्यांना पुन्हा आत जावे लागले नाही. स्फोटांत 180 हून अधिक माणसे गेली. त्यांच्या घरच्यांनाही 19 वर्षांनी उत्तर मिळाले नाही. हे दुसरे दुःख गाळून पहिले लिहिले, तर आमचे लेखन वकिली होईल, साहित्य होणार नाही.

लिहिल्याने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. न्यूयॉर्कमध्ये 2010 साली कलीफ ब्राउडर हा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. जामिनाचे 3000 डॉलर घरात नव्हते. खटला चाललाच नाही. तीन वर्षे रायकर्स बेटावरच्या तुरुंगात गेली, त्यांतली बरीचशी एकांत कोठडीत. 2013 मध्ये आरोप मागे घेतले. 2014 मध्ये एका साप्ताहिकाने त्याची हकिकत छापली, तेव्हा देशाला ती कळली. 2015 मध्ये त्याने आत्महत्या केली. म्हणजे शब्दांनी त्याला वाचवले नाही. पण त्याची गोष्ट निनावीही राहू दिली नाही.

आता आमचा स्वतःचा हिशेब. गल्लीतला मुलगा उचलला गेला की आम्हीच त्याच्या घरी जाणे बंद करतो. "काहीतरी केले असेल" हा निकाल न्यायाधीशाच्या आधी शेजारी देतो. आणि आम्ही मोजतो ती फक्त आमची माणसे. नाशिकजवळच्या 2003 च्या खून खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देवविली. त्यांची सोळा वर्षे आमच्या किती अंकांत आली?

ज्या जिल्ह्यात शंभरातील सुमारे 69 माणसे आदिवासी आहेत, तिथे बसून लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाला अम्मीच्या शेजारी कोण बसले आहे, हे दिसलेच पाहिजे. इन्साफ हा शब्द आम्ही रोज उच्चारतो. त्याची पहिली अट एवढीच, की बाकड्यावरच्या दोघांचीही नावे आम्हांला ठाऊक असावीत.