जुन्या गिटारीचा नाद : गुण वस्तूचा की श्रवणाचा?

जुन्या विद्युत् गिटारींना व त्यांच्या ध्वनिवर्धकांना जे मोल प्राप्त झाले आहे, त्याची मीमांसा करताना लाकडाचे वय, हातकाम आणि दुर्मिळता ही तीन कारणे सामान्यतः पुढे केली जातात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती पुरेशी आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ गिटारीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९५२ साली निघालेल्या या वाद्यास १९५७ मध्ये सेथ लव्हर यांनी रचलेले दुहेरी वेटोळ्याचे पिकअप बसविण्यात आले. एका वेटोळ्यात शिरणारी विजेची गुणगुण दुसऱ्यातील विरुद्ध गुणगुणीने नाहीशी व्हावी, हा त्यामागील हेतू. १९५८ मध्ये सोनेरी रंगाऐवजी तांबूस-पिवळ्या छटांचा पारदर्शक लेप आला. तथापि विक्री समाधानकारक झाली नाही आणि १९६० नंतर कंपनीने हा घाट सोडून दिला. आज जे वाद्य अजोड मानले जाते, त्याची स्वकाळात उपेक्षाच झाली होती. काष्ठ तेच, पिकअप तेच. मग बदलले काय?

बदलले ते श्रवण. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी याच जातीची गिटार मार्शल ध्वनिवर्धकास जोडून वाजविली. मार्शलची रचना फेंडरच्या ‘बेसमन’वरून घेतलेली, आणि ‘बेसमन’ मुळात खर्जाच्या गिटारीसाठी घडविलेला. व्हॉल्व्हवर क्षमतेपलीकडे भार पडला की ध्वनितरंगांचे माथे कापले जातात व मूळ नादात नसलेले उपस्वर उमटतात. अभियंत्याच्या लेखी हा दोष. वादकाने त्याचाच अलंकार केला. तंबोऱ्याच्या जवारीशी परिचित असलेल्या रसिकास यात नवल वाटणार नाही. भेद इतकाच, की जवारी कारागीर हेतुपुरस्सर काढतो. येथे कारागिराचा हेतू डावलून गुण सिद्ध झाला.

यावरून जुनेपणा निव्वळ भ्रम ठरतो असे नव्हे. त्या काळच्या पिकअपमधील तारेच्या वेढ्यांची संख्या सारखी नसे. त्यामुळे एका वाद्याचा नाद दुसऱ्याहून वेगळा येई. परंतु हे वैविध्य मान्य केले, की ‘जुने ते उत्तम’ हा सरसकट निवाडा आपोआपच ढासळतो. १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली आणि संग्राहकांनी त्या व्यवहारास लक्ष्मणरेषा मानले. वस्तुतः मालकी बदलल्याने कारखान्यातील हात एका दिवसात बदलत नाहीत. व्हायोलिनच्या क्षेत्रात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ वादकांना वाद्य ओळखता येऊ नये अशी व्यवस्था करून जुनी व नवी वाद्ये देण्यात आली, तेव्हा सर्वांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हॅरीसच मिळाली. हा निष्कर्ष गिटारीस जसाच्या तसा लावता येणार नाही. पण नावाचा दबाव कानावर किती असतो, हे त्यावरून कळते.

तात्पर्य, या वाद्यांची थोरवी वादनातून निर्माण झाली. तिजोरीत बंद केलेली गिटार आपली किंमत राखील. परंतु ज्या व्यवहाराने तिला अर्थ दिला, त्यालाच ती पारखी होईल. संग्राहकाचे मूल्य आणि रसिकाचे मूल्य यांतील हा विरोध ध्यानी न घेता केलेली कोणतीही नादचर्चा अखेर बाजारभावाचीच चर्चा ठरते.