साडेचारशे वर्षे : कोणाची?

गोमंतकाविषयीच्या मराठी लेखनात एक शब्दप्रयोग चांगलाच रुळला आहे : ‘साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट’. कथा असो, ललित लेख असो वा स्मरणिकेची प्रस्तावना, हा आकडा पहिल्याच परिच्छेदात हजर. तिसवाडीपुरता तो खरा आहे. आल्बुकर्कने ती १५१० साली घेतली. बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये गेली. पुढे सुमारे दोनशे वीस वर्षे गोव्यातील सत्तेची हद्द मुख्यतः तेथेच राहिली. फोंडा १७६३ साली, डिचोली १७८१ साली आणि पेडणे तर १७८८ साली त्यांच्या हाती आले. कोल्हापूरकरांच्या चढाईने बेजार झालेल्या सावंतवाडीच्या खेम सावंतांनी मदतीच्या मोबदल्यात पेडणे दिले. म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पेडण्याची परकी राजवट १७३ वर्षांची!

कोणी म्हणेल, पारतंत्र्य ते पारतंत्र्य. वर्षे मोजून काय साधणार? इतिहासकार पिसुर्लेकरांनी दप्तरे चाळली ती उगाच नव्हे. ललित लेखकालाही हा हिशेब चुकवता येत नाही. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोलीतील नार्व्यास आला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याचे देऊळ पुन्हा बांधविले. मंगेश आणि शांतादुर्गा सासष्टी सोडून अंत्रुज महालात आल्या त्याही याच कारणाने. पैलतीर पोर्तुगीजांचा नव्हता, म्हणून तो आश्रय होता. डिचोली-फोंड्यालाही साडेचारशे वर्षे बहाल केली, तर हे देव पळाले तरी कुठे?

जुन्या काबिजादीने इन्क्विझिशन सोसले. नव्या काबिजादीत देवळे आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन राज्यकर्त्यांना द्यावे लागले. तेथील जाच निराळा होता. १८५२ मध्ये सत्तरीत दीपाजी राणे उठले, ते त्याच जाचापायी. एकाच साच्यातला छळ रंगवणाऱ्या कथेत हे दुसरे दुःख येतच नाही. एका तहाने सावंतवाडी परमुलूख झाली, तेव्हा पेडण्याच्या कुळाला, माहेरवाशिणीला काय वाटले असेल? तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर सोयरीक असलेल्या आपल्या लेखकांनी तरी हा विषय हाती घ्यावा. त्यासाठी आधी तो गुळगुळीत आकडा खाली ठेवावा लागेल.