पदविका अभ्यासक्रमातील उद्दिष्ट व मूल्यमापन : एक चिकित्सा

वांद्रे (पूर्व) येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेसाठी २०१७-१८ मध्ये निष्पत्ती-आधारित ‘आय’ योजना आणि २०२३-२४ मध्ये ‘के’ योजना लागू केली. स्मरण, आकलन व उपयोजन या स्तरांनुसार गुण विभागणारा तक्ता हे ‘आय’ योजनेचे बलस्थान होते. परंतु असा तक्ता गुणांचे प्रमाण सांगतो, पुराव्याचे स्वरूप नव्हे. ‘यंत्रातील दोष शोधणे’ ही निष्पत्ती लेखी उत्तराने पडताळल्यास वर्णनक्षमता मोजली जाते. प्रयोगपुस्तिकेतील ठरलेल्या कृतीने पडताळल्यास केवळ अनुकरण. म्हणून उद्दिष्टातील क्रियापदानेच परीक्षेची पद्धती ठरवावी. विद्यार्थ्यापुढे अपरिचित दोषाचे यंत्र ठेवून निदानाच्या क्रमास स्वतंत्र गुण द्यावेत. अन्यथा गुणपत्रिका कौशल्याची ग्वाही देऊ शकणार नाही.