परक्याच्या वहीतली मुंबई

मुंबईवरच्या पुस्तकांबद्दल आळंदीत का बोलायचं, असं काहींना वाटेल. पण बाहेरच्यानं येऊन आपल्याला बघणं म्हणजे काय, हे आळंदीकरांना सांगायला नको. इंद्रायणीवर पांढरा फेस आला की कॅमेरे येतात. फोटो खोटा नसतो. तरी तो पाहून आपण म्हणतो, 'एवढीच का आळंदी?' परदेशी लेखकांची मुंबई वाचताना आमच्या मनात हाच प्रश्न असतो. आज तीन पुस्तकांपुरतं बोलू.

पहिलं, ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची 'शांताराम' ही २००३ सालची कादंबरी. ऑस्ट्रेलियातल्या तुरुंगातून पळालेला नायक मुंबईत येतो, महाराष्ट्रातल्या एका खेड्यात राहून मराठी शिकतो, आणि तिथली एक आई त्याला 'शांताराम' हे नाव देते. हे वाचून आपल्याला बरं वाटतं. गोरा माणूस मराठी बोलला की आपली निम्मी तक्रार तिथंच संपते. पण पुस्तक मिटल्यावर विचारून बघा, की झोपडपट्टी, गाइड, गुंड ही सगळी माणसं इथं कशासाठी आहेत? बहुतेक वेळा नायकाचा उद्धार व्हावा म्हणून. मुंबई भाषेसकट आली, पण नेपथ्य म्हणून आली.

दुसरं, व्ही. एस. नायपॉल यांचं १९९० सालचं 'इंडिया : अ मिलियन म्यूटिनीज नाऊ'. त्यांच्या आधीच्या दोन भारत-पुस्तकांतली चीड आपण विसरलेलो नाही. इथं मात्र सुरुवातीलाच मुंबईच्या रस्त्यावर त्यांना माणसांची लांबच लांब रांग दिसते. ती आंबेडकर जयंतीची आहे, हे त्यांना मागाहून कळतं. 'दिसलं, पण कळलं नव्हतं' हे लेखकानं कागदावर राहू दिलं, याचं आम्हाला मोल वाटतं. पुढे ते नामदेव ढसाळांना भेटतात, आणि आपलं मत थोडं बाजूला ठेवून माणसांना बोलू देतात.

तिसरं, कॅथरिन बू यांचं २०१२ सालचं 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स'. विमानतळाजवळच्या अण्णावाडीत त्या नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ जात राहिल्या. १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीला आलेल्या तमिळ मजुरांनी वसवलेली ही वस्ती, म्हणून 'अण्णा'वाडी. बूबाईंना ना मराठी येत होतं, ना हिंदी. दुभाषे होते, आणि सोबत तीन हजारांहून जास्त सरकारी कागदपत्रं. म्हणजे ज्याला भाषा आली त्यानं स्वतःची गोष्ट सांगितली, आणि जिला आली नाही तिनं वस्तीची! म्हणून भाषा बिनमहत्त्वाची ठरते का? नाही. फ्रान्सहून आलेल्या गी दल्यूरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि विठ्ठल संप्रदायावर ग्रंथ लिहिला. ते भाषेशिवाय झालंच नसतं. बू यांच्या पुस्तकातही तिची उणीव जाणवते. माणसांच्या मनातलं त्या थेट सांगतात, पण ते कुणी कुठल्या भाषेत सांगितलं, मध्ये दुभाषी कोण होतं, हे मुख्य मजकुरात दिसत नाही. खुलासा येतो तो शेवटच्या टिपणात.

तेव्हा परक्या लेखकाला 'आमची स्तुती केलीस की बदनामी?' असं विचारण्यात फार अर्थ नाही. विचारायचं ते हे : किती दिवस राहिलास? कुणाचं ऐकलंस? जे कळलं नाही, ते लपवलंस की सांगितलंस?

आता हेच प्रश्न जरा घरी आणू. चाकणच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलं काम करतात. त्यांच्यासाठी हा सगळा पट्टाच मोठं शहर आहे, आणि इथले यजमान आपण आहोत. रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारा एखादा उद्या आपल्यावर लिहील. घरभाडं, कंत्राटदार, आपण त्याला कशी हाक मारतो, सगळं लिहील. तेव्हा 'एवढीच का आळंदी?' असं म्हणून त्याची वही बाजूला सारायची, की आधी वाचायची? बूबाईंच्या पुस्तकाला दाद देणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांची खरी परीक्षा त्या दिवशी आहे.