नायकाच्या चारित्र्याचा दाखला

एच. डी. कार्लटनची ‘हॉन्टिंग ॲडलाइन’ (2021) ही कादंबरी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा झपाटून, दुसऱ्यांदा चिडून. चिडायचं कारण तिच्यातली हिंसा नव्हे. आजीकडून आलेलं जुनं घर, पणजीच्या डायऱ्या, कड्या लावलेल्या घरात येऊन पडणारे गुलाब, पाळतीवर असलेला अनोळखी पुरुष. भीतीची घडी छान बसलेली आहे. पण मग तो पुरुषच बोलायला लागतो. तो कोण, त्याच्या मनात काय, सगळं स्वतःच उलगडून सांगतो. तेवढ्यानेही लेखिकेचं समाधान होत नाही. ती त्याला बायकामुलांचा व्यापार करणाऱ्यांचा कर्दनकाळ करते. त्याच्याहून नीच माणसं शेजारी उभी केली, की घरात घुसणारा गुन्हेगार आपोआप सज्जन दिसू लागतो.

डार्क रोमान्समध्ये, म्हणजे धोकादायक पुरुषांच्या प्रेमकथांत, आता हा रिवाजच पडला आहे. माफिया नायकांच्या कादंबऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. ‘फिफ्टी शेड्स’ने (2011) भीती करारनाम्याच्या कलमांत कोंडून मारली. अशा पुस्तकांनी मुली बिघडतात म्हणणाऱ्यांनी जॅनिस रॅडवेचं 1984 सालचं पुस्तक वाचावं. रोमान्स वाचणाऱ्या बायका काय शोधतात, हे तिने त्यांनाच विचारलं होतं. रात्री मागून येणाऱ्या पावलांची भीती बाईच्या रोजच्या जगण्यातली आहे. पुस्तकात मात्र ती पान मिटून थांबवता येते, हवी तेव्हा पुन्हा उघडता येते. ही ओढ खरी आहे. म्हणूनच त्या भीतीत पाणी घातलेलं मला खपत नाही.

दाफ्ने द्यु मोरिएने ‘रिबेका’त (1938) काय केलं ते पाहा. निवेदिकेला नावसुद्धा नाही. नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे तिला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. पहिल्या बायकोला, रिबेकाला, आपणच गोळी घातली, अशी तो कबुली देतो. त्या क्षणी तिला काय वाटतं? सुटका. त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं, एवढंच तिच्या कानांत उरतं. ती आनंदाने खुनाची भागीदार होते आणि आपणही तिच्याबरोबर निःश्वास सोडतो. पुस्तक मिटल्यावर आपल्याला आपलीच भीती वाटते. अँजेला कार्टरच्या ‘द ब्लडी चेंबर’मधली (1979) कोवळी नवरी तर हे उघड कबूल करते. नवऱ्यातल्या विषाची तिला भूल पडली होती. आई घोड्यावरून येऊन त्याला गोळी घालते, मुलगी वाचते; पण किल्लीचा लाल डाग कपाळावरून जात नाही. पुढचा जोडीदार आंधळा आहे, त्याला तो दिसत नाही, याचं तिला बरं वाटतं. ती शरम कार्टर पुसत नाही. माझ्या लेखी या प्रकाराचा कस तिथे लागतो.

‘वुदरिंग हाइट्स’मधल्या हीथक्लिफला या प्रकाराचा आद्य नायक म्हणून मिरवणाऱ्यांना तर त्याची बायको इझाबेला आठवतच नाही. 1847 च्या त्या कादंबरीत तो तिला पळवून नेताना तिच्या कुत्रीला फासावर लटकवतो आणि पुढे मोलकरीण नेलीसमोरच तिची टर उडवतो, की ही मला प्रेमकथेतला नायक समजून बसली. इझाबेला शेवटी जीव घेऊन पळते. त्याला ओवाळणाऱ्या वाचकाला काय भोगावं लागेल, हे एमिली ब्राँटेने तिच्या रूपाने पुस्तकातच लिहून ठेवलं. हीथक्लिफच्या तोंडी मात्र तिने निवेदन दिलं नाही. त्याला पाहणारी, त्याचा राग येणारी, क्वचित कळवळणारी नेली मध्ये ठेवली.

हिचकॉकने 1940 मध्ये ‘रिबेका’वर चित्रपट केला तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेला बायकोचा खून करून मोकळा फिरणारा नवरा चालत नव्हता. म्हणून पडद्यावर रिबेका पडून मरते. तिथे सक्ती होती. आज डार्क रोमान्स लिहिणारीवर कुणाची सक्ती आहे? पुस्तकाच्या आरंभी ती धोक्यांची लांबलचक यादी देते, ते योग्यच. पण एवढं बजावून झाल्यावर ती नायकाच्या हातात चारित्र्याचा दाखला का देते? वाचणारीला काळोख झेपतो, म्हणून तर तिने हे पुस्तक उचललं. काळोखाला भिते ती लेखिका.

ॲडलाइनच्या कथेतली त्या पाळतीवरच्या पुरुषाच्या तोंडची सगळी प्रकरणं वगळून वाचा. गुलाब कुणी ठेवला हे माहीत नाही. जिन्यावर पाऊल वाजतं, आणि दाराची कडी लावावी की काढावी, हे तिच्याइतकंच आपल्यालाही कळत नाही.